मांडवातले भाषण आणि कागदावरची हरकत

तापीकाठी आमच्या शिवारालगत होऊ घातलेल्या एका कारखान्याच्या जनसुनावणीची जाहीर सूचना दैनिकाच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या गर्दीत छापून आली होती; परंतु सुनावणीच्या मांडवात जमलेल्यांपैकी फारच थोड्यांना, पर्यावरण अहवालाचा मसुदा आणि त्याचा मराठी गोषवारा जिल्हाधिकारी कचेरीत व जिल्हा परिषदेत पाहावयास ठेवलेला आहे, हे ठाऊक होते.

परिणामी जो तो तावातावाने जमिनीच्या भावावरच बोलला. तक्रार रास्त होती. विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले, ती जखम खानदेशात अद्याप ओली आहे. तथापि मोबदल्याची दाद भूसंपादनाच्या कायद्याखाली मागावयाची असते. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेन्वये होणारी ही सुनावणी पाणी, धूर, राख आणि सांडपाणी यांविषयीची. एका वृद्ध शेतकऱ्याने मात्र नेमके विचारले, "साहेब, वैशाखात माझी विहीर आटली, तर केळीला पाणी कोण देणार?" पुढे इतिवृत्ताची नक्कल मिळवून मी वाचली, तेव्हा त्यात एवढेच आढळले: 'पाण्याबाबत विचारणा झाली, प्रकल्पधारकांनी समाधान केले.'

सूचनेनंतर किमान ३० दिवसांची मुदत असते; ती अहवाल वाचण्यात खर्ची घालावी. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ भरविते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी असतो. तेथे गणसंख्येची अट नाही आणि मतदानही होत नाही, त्यामुळे घोषणांनी मांडव दणाणला तरी मंजुरीचा विचार करणाऱ्या समितीपुढे जातात ते इतिवृत्त, लेखी हरकती आणि चित्रफीत. म्हणून हरकत मराठीतच, पण लेखी द्यावी. तीत गट क्रमांक, विहिरीची खोली आणि कारखान्यापासूनचे अंतर नमूद करावे, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घेतल्यावाचून हलू नये.

सभेअखेर इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखविणे अध्यक्षांवर बंधनकारक आहे. आमच्याकडे नेमक्या त्याच वेळी मांडवामागे पुरीभाजीच्या पंगती बसल्या, हा योगायोग असेलही. पण ऐकावयास खुर्च्याच तेवढ्या उरल्या. वाचन संपेपर्यंत बसावे, आपला प्रश्न गाळला वा मवाळ केला असेल तर तेथल्या तेथे दुरुस्ती सुचवावी. आणि ग्रामपंचायतीत इतिवृत्त लागल्यावर ते आपल्या पोच-प्रतीशी ताडून, तफावत दिसल्यास मंडळाकडे व त्या समितीकडे विनाविलंब लेखी अर्ज रवाना करावा.