किरकोळ खोकला

तांबरमहून गिंडीच्या कचेरीस जाताना आमची लोकल नित्य तांबरम सॅनेटोरियम या स्थानकावर थांबे. 1928 साली क्षयरोग्यांसाठी निघालेल्या आरोग्यधामावरून त्यास हे नाव पडले आणि आज तेथे छातीच्या विकारांचे सरकारी रुग्णालय आहे, हे ठाऊक असूनही वीस वर्षांचा दमेकरी असलेला मी तेथे कधी उतरलो नाही. उलट, 118 किलोंचा देह हलका करण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून घेण्याचे ठरविले तेव्हा, दमा ऐकून वैद्य नकार देतील या धास्तीने, मी कागदावर ‘किरकोळ खोकला’ एवढाच तपशील लिहविला, आणि धाप लागली की परभारे घेत असलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा तर उच्चारही केला नाही.

मुहूर्त मीच धुंडाळला, तो पोंगलच्या रजेचा. भोगीच्या पहाटे जुनेपाने जाळल्याने चेन्नई शहरावर असा धूर साचतो की कधी कधी विमानेही खोळंबतात. तो छातीत भरून घेऊन चौथ्या दिवशी मी मेजावर निजलो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल वर रेटले जाते. त्यात घशातील नळी काढताच माझ्या श्वासनलिका अशा आवळल्या की दोन रात्री यंत्राच्या श्वासावर काढाव्या लागल्या. शुद्धीवर आल्यावर भूल देणाऱ्या बाई एवढेच म्हणाल्या, “आधी सांगितले असते, तर तहकूब केली असती, नाकारली नसती.”

म्हणून माझ्यासारख्या इसमाने प्रथम छातीच्या वैद्याकडून फुंकण्याची तपासणी करून घ्यावी, पंप ओढण्याची आपली रीत त्यांना दाखवावी (माझी इतकी वर्षे चुकीची होती!), घोरत असल्यास झोपेत श्वास अडतो का ते पाहून घ्यावे, आणि स्टिरॉइडचा हिशेब पैन्‌पै मांडावा, कारण त्या गोळ्यांनी जखम भरण्यास विलंब लागतो, आणि त्या दीर्घकाळ घेऊन एकाएकी थांबविल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळू शकतो. मी करून घेतली त्या, जठराची नळी करण्याच्या पद्धतीत आम्ल घशाशी येण्याचा संभव वाढतो आणि ते दम्यास चेतविते. ज्यास मुळातच जळजळ आहे त्याने जठराच्या बायपासविषयी विचारून घ्यावे. मी विचारले नव्हते.

वजन 31 किलोंनी उतरले आणि जिना चढताना आता मध्येच थांबावे लागत नाही, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र आम्ल घशाशी येऊ नये म्हणून खाटेच्या उशाकडील दोन्ही पायांखाली विटा ठेवून निजावे लागते, आणि घरमालकीणबाई त्यांकडे पाहून, आम्हां मराठ्यांत असा काही नवस असतो काय, असे दर वेळी विचारतात.