प्रोसिजर बरोबर, तरीही एरर!

प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की रात्री विंगमध्ये एकच ओरड ऐकू येते: "अरे, मॅनेजमेंट स्टुडिओत चालतंय, सी शार्पमधून चालत नाही!" मग बिचारी स्टोअर्ड प्रोसिजर चार वेळा नव्याने लिहिली जाते. बऱ्याचदा दोष तिच्यात नसतोच, तिला बोलावण्यात असतो.

समजा, एसक्यूएल सर्व्हरमध्ये मेसचं बिल काढणारी प्रोसिजर आहे. तिला रूम नंबर आणि महिना लागतो. कोडमध्ये आपण दोन्ही दिले, तरी सर्व्हर म्हणतो, पॅरामीटर मिळालाच नाही. आधी कमांडटाइप बघा. तो लिहिला नाही तर 'टेक्स्ट' धरला जातो. मग प्रोसिजरचं नाव साधं एसक्यूएल वाक्य म्हणून चालतं; पॅरामीटर सर्व्हरपर्यंत जातात, पण प्रोसिजरच्या हातात पडत नाहीत. पत्र रेक्टरच्या ऑफिसात पडून राहावं, तसं!

कमांडटाइप 'स्टोअर्डप्रोसिजर' असूनही तीच एरर आली, तर व्हॅल्यू नल आहे का ते तपासा. सी शार्पचा नल आणि डेटाबेसचा नल वेगळे. साधा नल दिला तर पॅरामीटर दिलाच नाही असं समजलं जातं. तिथे डीबीनल डॉट व्हॅल्यू हवं. प्रोसिजरमध्ये डीफॉल्ट लिहिलेला असेल तर एररसुद्धा येत नाही. गुपचूप डीफॉल्ट महिना वापरला जातो आणि भलतंच बिल निघतं. मला हा प्रकार जास्त घातक वाटतो, कारण ओरडणारी चूक निदान सापडते तरी.

आउटपुट पॅरामीटर रिकामा दिसतो? डेटारीडर बंद केल्यावर वाचा. ती व्हॅल्यू सगळ्या ओळींच्या मागून येते.

आता सगळ्यात छळणारा प्रकार. स्टुडिओत क्षणात उत्तर, ॲप्लिकेशनमध्ये 30 सेकंदांनी टाइमआउट. (30 हा कमांडटाइमआउटचा डीफॉल्ट, स्टुडिओत अशी मर्यादा नसते.) स्टुडिओ ॲरिथॲबॉर्ट ऑन ठेवतो, डॉटनेटचं कनेक्शन ऑफ. त्यामुळे एकाच प्रोसिजरचे दोन वेगळे प्लॅन कॅशमध्ये राहतात. ॲप्लिकेशनच्या वाट्याचा प्लॅन एखाद्या विचित्र व्हॅल्यूसाठी बनलेला असला, की बाकीच्यांचे हाल! काही जण कोडमध्ये ॲरिथॲबॉर्ट ऑन करून मोकळे होतात, पण तो उपाय वरवरचा. मूळ कारण बहुधा पॅरामीटर स्निफिंग असतं; अडलेल्या क्वेरीला ऑप्शन रीकंपाइल लावून बघा.

आणि तर्क लढवत बसण्याआधी प्रोफायलर किंवा एक्स्टेंडेड इव्हेंट्स लावा. सर्व्हरकडे नेमका कोणता कॉल पोचला ते तिथे दिसतं. तो जसाच्या तसा उचलून स्टुडिओत, ॲरिथॲबॉर्ट ऑफ करून चालवा.