भिंत फिरवता येत नाही

मे महिना, रात्रीचे अकरा. नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर वहिनींनी पलंगामागच्या भिंतीला हात टेकवला आणि लगेच काढून घेतला. म्हणाल्या, "भाऊजी, सूर्य मावळून चार तास झाले, भिंत अजून भाकरीच्या तव्यासारखी आहे." भिंत पश्चिमेची होती, आणि ती तिथे मीच उभी करवली होती.

जुन्या जालन्यातला आमचा वाडा मोडकळीस आला, तेव्हा तिघा भावांनी मिळून गावाबाहेरच्या सहा गुंठ्यांत आठ फ्लॅटची इमारत बांधायची ठरवली. धावपळ माझ्याकडे होती. नकाशा करणाऱ्याने एकदा विचारलं होतं, "प्लॉट पाचशे चौरस मीटरच्या वर आहे. इको निवासचा हिशेब करून घ्यायचा का?" मी विचारलं, "त्यावाचून परवानगी अडेल का?" तो म्हणाला, "तसं वाटत नाही." मी म्हटलं, "मग राहू द्या." एवढ्या बोलण्यात आठ घरांचे पुढचे सगळे उन्हाळे ठरून गेले.

ज्याला मी 'राहू द्या' म्हटलं ते काय होतं, हे मला भिंत तापल्यावर कळलं. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्याखाली व्यापारी इमारतींसाठी 2007 साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली, 2017 साली ती सुधारली गेली. 100 किलोवॉट जोडभार किंवा 120 केव्हीए करारभार असलेल्या इमारतींसाठी ती होती. राहत्या घरांसाठी 14 डिसेंबर 2018 रोजी इको निवास संहिता आली. 2022 च्या दुरुस्तीने राहत्या इमारतीही कायद्याच्या कक्षेत घेतल्या. संहिता केंद्राची असली तरी आपल्या हवेप्रमाणे तिच्यात फेरफार करण्याची मुभा राज्यांना आहे. म्हणून आज आपल्या प्लॉटला नेमकं काय लागू आहे, हे नकाशा दाखल करतानाच लेखी विचारून घ्यावं. पण 'लागू नाही' असं उत्तर आलं तरी हिशेब सोडू नये. परवानगी अडत नाही म्हणून ऊन अडत नाही.

आमची पहिली चूक तोंड कुठे करायचं याची. रस्ता पश्चिमेला, म्हणून दर्शनी बाजू पश्चिमेला. निजायच्या खोल्या, मोठ्या काचा, सगळं तिकडेच. पश्चिमेचं ऊन दुपारनंतर तिरपं येतं. दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो, पश्चिमेला तो शोभेपुरताच. तिथे उभे पडदे, जाळी किंवा खोल व्हरांडा हवा. संहितेत भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचं एक सरासरी माप आहे, ते दर चौरस मीटरला 15 वॉटच्या आत ठेवायचं असतं. नंतर आमचा हिशेब करून पाहिला, तर आकडा बराच वर गेला. सगळ्यात मोठा वाटा पश्चिमेच्या काचांचा होता.

दुसरी चूक छताची. जालन्यावर मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा भिंतींपेक्षा गच्चीच जास्त ऊन खाते. आमच्या वाड्यावर माळवद होतं: लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर हातभर पांढरी माती. त्याखाली दुपारी आजी घोंगडी टाकून निवांत झोपायची. नव्या घराला आम्ही सळई मोजून मजबूत स्लॅब टाकला, वर पाणी गळू नये एवढंच पाहिलं. संहिता म्हणते, छतातून उष्णता जाण्याचा गुणांक 1.2 च्या वर नको. नुसत्या स्लॅबचा तो याच्या अडीच-तीन पट असतो.

तिसरी चूक कुणाच्याच लक्षात येत नाही. आपली हवा उष्ण आणि कोरडी. अशा हवेत घराच्या चटई क्षेत्राच्या निदान 10 टक्के जागा उघडता आली पाहिजे. 700 चौरस फुटांच्या आमच्या फ्लॅटला म्हणजे 70. चार बाय चारच्या चार खिडक्या आणि बाल्कनीचं सहा बाय सातचं दार मिळून कागदावर 106 भरले, मी खूश. पण सगळं सरकतं! सरकती खिडकी उघडते निम्मी. खरी उघडीक भरली 53. रात्री गार वारा सुटतो, पण आत यायला वाट नाही.

मग कूलर आणले. कोरड्या हवेत कूलरसारखं स्वस्त काही नाही, पण तो पाणी पितो, आणि आमच्याकडे नळ रोज येत नाहीत. शेवटी एसी बसले आणि वीजबिल पाहून भाऊ माझ्याकडे पाहू लागले. मी मिस्त्रींना बोलावून विचारलं, काय करता येईल? ते म्हणाले, "साहेब, रंग बदलता येतो, भिंत फिरवता येत नाही."

जे बदलता आलं ते बदललं. गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवले, पश्चिमेला बाहेरून बांबूचे पडदे सोडले, काही खिडक्यांच्या चौकटी बदलून कवाडं लावली. फरक पडला, पण हाच पैसा आधी लावला असता तर निम्मा लागला असता. सोलरचाही तोच धडा. पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, सोसायटीच्या सामायिक वापरालाही किलोवॉटमागे 18,000 मिळतं. आमच्या गच्चीवर मात्र जिन्याची खोली आणि टाकी दक्षिणेला. हिवाळ्यात त्यांची सावली थेट मधोमध पडते. या दोन्ही गोष्टी उत्तरेला घेता आल्या असत्या, खर्च तेवढाच होता.

म्हणून बांधणाऱ्यांना सांगतो. पाया खोदण्याआधी हिशेब करून घ्या. त्यासाठीचं मोफत साधन ऊर्जा दक्षता ब्युरोच्या संकेतस्थळावर आहे. लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवा. पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम, कपाटं टाका. नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा आठ इंची एएसी ब्लॉकची भिंत निम्म्याहून कमी उष्णता आत सोडते, निदान पश्चिमेला तरी ती घ्या. ब्लॉक आणि काच घेताना चाचणीचा दाखला मागा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. नकाशात जे लिहिलं तेच जागेवर येतंय का, हे स्वतः पाहा. स्वस्त पडते म्हणून चौकट बदलली की सगळा हिशेब कोसळतो.

परवा पुतण्या त्याच्या घराचा नकाशा घेऊन आला. आधी दर्शनी रंगीत चित्र दाखवलं. मी विचारलं, "यात पश्चिम कुठे आहे रे?" तो कागद फिरवून फिरवून पाहू लागला. मी आणखी काही बोललो नाही. जेवण झाल्यावर त्याचं अंथरूण पश्चिमेच्या खोलीत घातलं आणि एसीचा रिमोट उशाखाली घेऊन झोपलो. सकाळी सहालाच त्याने नकाशा उघडला होता, हातात लाल पेन्सिल होती.