‘काही करत नाही हो तो!’

मुक्ते, काल फोनवर तुझा आवाज इतका दाटला होता की मी नुसतं हूं हूं करत राहिले. आता शांत झाली असशील, म्हणून बोलते. पाथर्डी फाट्याकडच्या मोकळ्या प्लॉटवर तू तुझ्या लॅब्राडॉरला, कॉफीला, सोडलंस, तो शेपूट हलवत एका काकूंकडे पळाला, त्या किंचाळल्या, त्यांच्या हातातली दुधाची पिशवी फुटली आणि मग त्यांनी तुला चारचौघांत नको नको ते ऐकवलं. ‘ताई, तो फक्त खेळायला गेला होता गं. काही करत नाही तो!’ पाच मिनिटांत हे वाक्य तू चार वेळा म्हणालीस. मी मोजलं, कारण ते वाक्य मूळचं माझं आहे.

तुला कधी सांगितलं नाही. आपला खंड्या तेव्हा दोन वर्षांचा होता. डिसेंबरातली सकाळ, आनंदवल्लीच्या मागची नदीकाठची पायवाट, गोदावरीवर धुकं. आसपास कुणी नाही असं बघून मी पट्टा सोडला. वळणावरून एक आजोबा आले, मफलर, काठी, हातात फुलांची परडी. खंड्या सुसाट त्यांच्याकडे. मी पन्नास पावलांवरून ओरडतेय, ‘काका, घाबरू नका, काही करत नाही हो तो!’ आजोबा दोन पावलं मागे सरकले, टाच कडेवरून घसरली, आणि पडले ते मनगटावरच. खंड्याने त्यांना हातही लावला नव्हता. तो बाजूला उभा राहून परडीतली फुलं हुंगत होता.

प्लास्टर घातल्यावर मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘बाई, तो काही करत नाही हे तुम्हाला माहीत होतं. मला कसं माहीत असणार?’ मग चहा पिता पिता सांगितलं, आठ वर्षांचे असताना त्यांना कुत्रं चावलं होतं आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतली होती. रोज एक. वडील सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात न्यायचे आणि वाटेत कुठेही कुत्रं भुंकलं की पोटात गोळा यायचा. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्याकडे 2005 च्या आसपास बंद झाली. पण पोटावर चौदा टोचून घेतलेली पिढी अजून आपल्या अवतीभवती सकाळी फिरते आहे. तुझ्या त्या काकूंचं काय होतं ते तुला ठाऊक नाही. त्यांना विचारायची गरजही नाही. भीती वाटायला कारणाचा दाखला लागत नाही.

म्हणून पट्ट्याला मी आता कुत्र्याची वस्तू मानतच नाही. समोरच्याला लांबूनच कळलं पाहिजे की हे जनावर माझ्या हातात आहे, तुम्ही बिनघोर चाला. त्यासाठी तो असतो.

आणि पट्टा कसला घ्यायचा ते ऐक. दुकानदार तुला तो बटण दाबलं की सुर्रकन लांबणारा दाखवेल. घेऊ नकोस. पंधरा फूट दोरी सुटली की कुत्रा रस्त्याच्या त्या टोकाला, तू या टोकाला, आणि मधून स्कूटर. साधा, रुंद, पाच-सहा फुटी घे. गळपट्ट्यापेक्षा छातीवरून जाणारा हार्नेस बरा, लॅब ओढतात फार आणि गळ्याला काचतं. गळपट्टा असू दे, पण त्यावर तुझा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला लाव. दिवाळीच्या फटाक्यांत घरातून सुटून पळालेली किती कुत्री दरवर्षी भांबावून फिरत असतात, बघतेसच.

पण मुक्ते, पट्टा म्हणजे साखळी नव्हे. दिवसभर गॅलरीत बांधायचं आणि संध्याकाळी दहा मिनिटं फिरवून आणायचं, असली माणसं आपल्या सोसायटीतही आहेत. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या कायद्यात नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हासुद्धा गुन्हा धरला आहे. लॅबला सकाळ-संध्याकाळ मिळून तास-सव्वातास तरी पाय मोकळे करायला हवेत. मोकळं पळवायचंच असेल तर भिंतीचं आवार बघ. माझ्या मैत्रिणीचं मखमलाबादकडे द्राक्षाचं शेत आहे, तिथे मी महिन्यातून दोनदा खंड्याला नेते, फवारणी नाही ना हे आधी विचारून. तिथे तो वेडा होऊन पळतो.

आता दुसरी बाजू, कारण तू म्हणालीस, ‘मग बाकीचे सोडतात त्याचं काय?’ खरंय. परवाच एक जर्मन शेफर्ड आमच्या अंगावर आला, मालक लांब कानाला फोन लावून. अशा वेळी आपला पहिला विचार चुकीचा असतो. आपण पट्टा करकचून आवळतो. तो ताण दोरीतून थेट कुत्र्याच्या अंगात उतरतो, त्याला वाटतं ताई घाबरली म्हणजे समोरचा शत्रूच. पट्टा आखूड धर, पण ढिला. सरळ समोर जाऊ नकोस. कुत्री एकमेकांना भेटताना आपणहून वळसा घेऊन येतात, नाकासमोर नाक म्हणजे त्यांच्यात आव्हान. तूही वाटेवरून बाजूला हो, वळसा घे, तुझं अंग दोघांच्या मध्ये राहू दे. खिशात खाऊचे तुकडे असतातच, मूठभर त्या येणाऱ्या कुत्र्यासमोर जमिनीवर उधळ. निम्मी तरी खाली मान घालतात, तेवढ्यात निघायचं. आणि मालकाला हाक मार, ‘दादा, आधी पट्टा लावा!’ शिव्या नकोत, स्पष्ट सूचना. ‘काही करत नाही’ असं उत्तर आलंच तर माझं ठरलेलं वाक्य आहे: ‘तुमचा करत नसेल, माझा करतो.’ खंड्या बिचारा झुरळाला घाबरतो, पण एवढं खोटं देव माफ करील. लगेच पळत येतात.

एकटी असशील, कुत्रा सोबत नसेल, तर झाड हो. अगदी तसंच. पळायचं नाही, हात वर उडवायचे नाहीत, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. अंग थोडं तिरकं, हात छातीशी, नजर खाली. हुंगून झालं की बहुतेक जातात. मग सावकाश, पाठ न दाखवता सरक. ओढणी, पर्स, छत्री, जे असेल ते पुढे धरायचं. चावायचंच असेल तर छत्रीला चावू दे. पडलीसच तर पोटाशी गुडघे घेऊन गोळा हो, हात मानेमागे आणि कानांवर. शेजारच्या मुलांना हा ‘झाड’ खेळ शिकव, दोन मिनिटांत येतो. आणि हो, भुंकणारं कुत्रं चावत नाही, ही म्हण ज्याने काढली त्याला बहुधा कुत्रं चावलंच नसावं. भुंकणारंही चावतं, आणि गप्प उभं, अंग ताठ, शेपूट वर, न हलणारं, असं कुत्रं तर जास्त सांभाळावं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं गणित वेगळं. त्यांची गल्ली ही त्यांची गल्ली असते. तुझा कॉफी तिथून गेला की ते सीमेवर येऊन गर्जतात, सीमा संपली की थांबतात. ज्यांच्या कानाला छोटी खाच दिसेल ती निर्बीजीकरण झालेली, लस दिलेली. त्यांना शक्यतो जुन्याच जागी सोडायचं, असं केंद्राच्या 2023 च्या नियमांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात तेच धरून ठेवलं, पिसाळलेली आणि फार आक्रमक तेवढी सोडून. खायला घालायचं ते ठरलेल्या जागी, वाटेल तिथे नाही, हेही त्यातच आलं. शाळा, दवाखाने, बसस्थानकांसाठी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुन्हा वेगळा आदेश आला. या विषयावर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर जे महाभारत चालतं त्यात तू पडू नकोस. नेहमीच्या वाटेवरच्या दोन-चार टोळ्या ओळखून ठेव, वाट तशी आख.

पहाटे अंधारात जातेस ना? मग आणखी एक. नाशिकला गंगापूर रोडच्या पट्ट्यात बिबट्या येतो ही काही नवी बातमी राहिली नाही. तो माणसासाठी येत नाही, कुत्र्यांसाठी येतो. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने त्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला, जवळजवळ 39 टक्के. शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा उजाडल्याशिवाय नदीकाठ, नाला, उसाची कड नको. कॉफी झुडपात शिरला आणि तुझ्या हातात पट्टा नसला, तर तू फक्त हाका मारत राहशील.

कायद्याचं तुला सांगणार नव्हते, पण तू म्हणालीस, ‘फार तर काय, भांडतील.’ भांडण तर होईलच. भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमात, आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मुंबईत वरळीला 2018 साली एक गृहस्थ आपला हस्की घेऊन लिफ्टमध्ये शिरायला लागले. आतल्या माणसाजवळ लहान मुलगा होता. मुलगा कुत्र्याला घाबरतो, जरा थांबा, असं तो म्हणाला. ते थांबले नाहीत, कुत्र्याला ओढून आत घेतलं, आणि तो त्या माणसाच्या हाताला चावला. 2025 मध्ये कोर्टाने मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली. लिफ्ट पुढच्या मिनिटाला परत आली असती गं! मी तर खंड्यासोबत असले की लिफ्ट सोडूनच देते. दोघांचेही गुडघे सुधारतात.

कॉफीची लस तीन महिन्यांनंतर झाली, पुढचे बूस्टर डॉक्टर सांगतील तेव्हा, चुकवायचे नाहीत. महापालिकेत नोंदणी करून टाक, लसीचं कार्ड फोनमध्ये फोटो काढून ठेव. आणि कधी कुणाला, कुठल्याही कुत्र्याचा, अगदी आपल्या कॉफीचाही दात लागला, तर आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून, कारण दोन मिनिटंसुद्धा फार वाटतात. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही, पट्टी आवळायची नाही. मग थेट दवाखाना. आता इंजेक्शनं दंडात, चार किंवा पाच. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेभोवती वेगळं इंजेक्शन लागतं, ते स्वतः विचार, कारण गर्दीत राहून जातं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही, म्हणून ‘बघू उद्या’ नाही.

शीचं? कालचा पेपर आणि पिशवी, दुसरं काही नाही. पेपर आधीच खाली सरकवायचा, सवय झाली की कुत्रा थांबतो. ‘खतच आहे की’ म्हणू नकोस. ते गाईचं शेण नव्हे, त्यात जंताची अंडी असतात आणि त्याच हिरवळीवर दुपारी पोरं लोळतात.

आपल्याकडे कुत्र्याला अगदी हाडहाड केलंय असंही नाही बरं का. दत्ताच्या पायाशी चार आहेत, खंडोबाच्या सोबत आहे, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर आजीने आपल्याला कितीदा ऐकवले. फक्त नामदेव स्वतःची पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावले. दुसऱ्याच्या अंगणात कुत्रं सोडून नाही.

त्या काकूंकडे जाशील का? दूध घेऊन जा, अर्धा लिटर. कॉफीला नेऊ नकोस, तिथेही ‘बघा किती गोड आहे’ करशील. त्यांना सांग की उद्यापासून पट्टा असेल, आणि तेवढ्यावर परत ये. त्या अजून चिडल्या तर चिडू दे. माझे ते नदीकाठचे आजोबा अजूनही खंड्याला बघून रस्ता ओलांडतात. मी पट्टा गुंडाळून हाताला दोन वेढे देते, ते पलीकडून काठी जराशी उचलतात, आम्ही आपापल्या वाटेने जातो. वर्ष-दीड वर्ष असंच चाललंय आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

रविवारी कॉफीला घेऊन ये, सहा फुटी पट्ट्यासकट. दोघांना समांतर चालवू, दहा पावलांचं अंतर ठेवून, आधी एकमेकांकडे बघूही द्यायचं नाही. नंतर मिसळ. फक्त सातच्या आत ये. सातला घंटागाडी येते, तिची घंटा वाजली की खंड्या मान वर करून सूर लावतो, आणि गाडी पुढच्या गल्लीत जाईपर्यंत आमच्याकडे कुणाला काही शिकवता येत नाही.