पिसांची माशी

पंचवटीचे नाव निघाले की कांचनमृगाची कथा आठवते. हरिण दिसावयास सोन्याचे, पण आत होता मारीच राक्षस. खोट्या रूपाने भुलविण्याची अशीच एक कला मासे धरणाऱ्यांनीही साधली आहे. तिच्यात सोन्याचे हरिण नसते. कोंबड्याच्या पिसांची माशी असते.

पंचवटीहून गोदावरीच्या काठाने पश्चिमेस, प्रवाहाच्या उलट दिशेने गेले म्हणजे गंगापूर धरणाचा जलाशय लागतो. हे मातीचे धरण 1965 मध्ये पूर्ण झाले. नदी अडली म्हणजे तिचे वाहते पाणी संथ होते, आणि संथ, उबदार पाणी मानवणारे मासे तेथे बळावतात. महाराष्ट्रातील अनेक जलाशयांत अशा रीतीने बळावलेला एक परदेशी मासा म्हणजे तिलापिया होय. आपले कोळी व भोई त्यास ‘चिलापी’ म्हणतात.

चिलापीचे मूळ घर आफ्रिकेत. गरिबाच्या ताटात स्वस्त अन्न पडावे, या हेतूने 1952 मध्ये तो भारतात आणला गेला. शेवाळ, किडे, दुसऱ्या माशांची अंडी, जे मिळेल त्यावर तो पोसतो. त्यामुळे देशी माशांची उपासमार होऊ लागली आणि 1959 मध्ये त्याच्या प्रसारास बंदी घालण्यात आली. पण सरकारी हुकूम माशांना कोण वाचून दाखविणार! भीमेवरील उजनी जलाशयात आज कोळ्यांच्या जाळ्यात मुख्यतः चिलापीच सापडतो.

गळाने मासे धरणे हा आपल्याकडील जुना विनोद आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात कोणत्या माशास कोणते आमिष आवडते, हेही सांगितले आहे. ते आमिष मात्र खरोखर खाण्याचे. पिसांच्या माशीचे जुने वर्णन आढळते ते ग्रीकांच्या शेजारच्या मॅसिडोनियातील. तेथील लोक गळास तांबडी लोकर गुंडाळून तिला पिसे बांधीत, असे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या लेखकाने लिहून ठेवले आहे.

ही माशी वजनाने अगदी हलकी असते. साध्या गळास शिशाचा तुकडा बांधून तो दूर फेकता येतो. माशीस शिसे बांधले तर ती बुडेल आणि सोंग उघडे पडेल. म्हणून येथे दोरच जड घेतात. लवचीक काठी मागे-पुढे झुलवली की दोर हवेत उलगडत जातो, आणि त्याच्या टोकाशी जोडलेल्या बारीक, पारदर्शक धाग्यावरची माशी अलगद पाण्यावर उतरते. मनगटास हा ताल साधावयास पुष्कळ दिवस लागतात. तोवर गळ झाडातच अधिक अडकतो.

पण चिलापी माशीवर झडप घालतो, ती दर वेळी भुकेनेच असे नाही. विणीच्या काळात नर उथळ तळाशी तोंडाने व शेपटीने बशीसारखा खळगा करतो व त्याची राखण करीत फिरतो. मादी तेथे अंडी घालते, ती लगेच तोंडात घेते, आणि दोन-तीन आठवडे अंडी व पिले तोंडातच सांभाळते. तेवढे दिवस ती जवळजवळ काही खात नाही. त्यामुळे सहसा गळासही लागत नाही. नर मात्र खळग्यावरून जाणाऱ्या कोणत्याही हलत्या वस्तूस शत्रू समजून तिच्यावर तुटून पडतो. सीतेला मृगाचा मोह पडला होता. येथे मोह नाही, घराची राखण आहे, आणि तीच त्या नरास घातक ठरते. हे कळलेला शिकारी खळग्यांच्या जागी गळ टाकताना क्षणभर थांबतो.

जलाशयातील मासेमारीचे हक्क बहुधा कोळ्यांच्या सहकारी संस्थांकडे असतात. त्यांना विचारल्याखेरीज काठी काढू नये. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून बसवला म्हणजे तो माशाच्या ओठातून सहज निघतो. देशी मासा लागला, तर जाणता शिकारी हात ओले करून तो धरतो व पाण्यात सोडून देतो. चिलापी टोपलीत जातो. संध्याकाळी त्याचे कालवण होते.