हातातले काम कागदावर आणा
(सभासदांच्या मुलामुलींसाठी आणि तरुण कामगारांसाठी नोकरीविषयक पाठ)



गाळप हंगाम तोंडावर आला की कोणत्याही साखर कारखान्याच्या कचेरीत अर्जांची चळत लागते. त्यातल्या बहुतेक अर्जांचा मजकूर एकच असतो : "मी सभासदाचा मुलगा असून बेरोजगार आहे. तरी मला योग्य ते काम मिळावे ही नम्र विनंती." अर्ज खरा असतो, घरची अडचणही खरी असते. पण 'योग्य ते काम' म्हणजे कोणते, ते अर्जात कुठे नसते. मग साहेबांनी तरी त्याला कुठे घालावे? जिथे मोकळी जागा दिसेल तिथे. बहुधा मदतनीस म्हणून, बहुधा हंगामापुरते. पुढे दहा-दहा हंगाम गेले तरी तो मदतनीसच राहतो. काम सगळे येते, पण येते असे सांगणारा कागद जवळ नसतो. आजचा पाठ या कागदाविषयी आहे.

१. आधी हिशेब

सहकारी कारखान्याचे सभासद हजारांनी असतात आणि कायम व हंगामी मिळून कामगार शेकड्यांनी. म्हणजे घरटी एक नोकरी हे गणित कधीच बसणार नाही. बापाचा शेअर ही ऊस गाळपाला घालण्याची सोय आहे, नोकरीची चिठ्ठी नव्हे. हे कडू वाटेल, पण आज समजले तर पोराची चार वर्षे वाचतील.

दुसरा हिशेब हंगामाचा. दिवाळीच्या मागेपुढे मोळी पडते आणि ऊस कमी असेल त्या साली होळीच्या आतच पट्टा पडतो. हंगामी कामगाराला उरलेल्या महिन्यांत रिटेन्शन भत्ता मिळतो, पण त्याचा दर कुशल कामगाराला जास्त आणि अकुशलाला कमी. म्हणजे घरी बसल्याचेसुद्धा कुशल माणसाला चार पैसे जादा मिळतात. कुशल कोण, हे ठरवताना नुसत्या तोंडी सांगण्याला वजन नसते.

म्हणून मुलाने असे काम शिकावे, जे आपल्या कारखान्यात चालेल, शेजारच्या कारखान्यात चालेल आणि हंगाम संपल्यावर दूध संघात, कागद गिरणीत किंवा औद्योगिक वसाहतीतही चालेल.

२. कोणते काम, कोणता कागद

*फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर* : हे धंदे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आपण आयटीआय म्हणतो) शिकवतात. फिटर, टर्नर आणि इलेक्ट्रिशियन यांना दोन वर्षे, वेल्डरला एक वर्ष. पास झाल्यावर शिकाऊ उमेदवारी करावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. दोन वर्षांचा धंदा शिकलेल्याला साधारण एक वर्षाची उमेदवारी असते, विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. मिळते ते शिक्षण आणि प्रमाणपत्र, आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

*बॉयलर अटेंडंट* : कारखान्याचा जीव बॉयलरात. १९२३ चा जुना बाष्पके कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला, पण दाखला असलेल्या माणसाच्या हाताखालीच बॉयलर चालला पाहिजे हा दंडक तोच आहे. दाखला दुसऱ्या वर्गाचा आणि पहिल्या वर्गाचा असतो. परीक्षेला बसण्यासाठी बॉयलरवर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, आणि इथेच आपली मुले अडतात. भुसा ढकलण्यात चार हंगाम गेले, पण तसे लिहून घ्यायचे कुणाला सुचले नाही. अनुभवाची मुदत आणि अर्जाचा नमुना बाष्पके संचालनालयाच्या कार्यालयातून आधीच विचारून घ्यावा.

*पॅनमन आणि केमिस्ट* : साखरेचा दाणा बसवणे ही नजरेची विद्या आहे. ती मुरलेल्या पॅनमनच्या शेजारी उभे राहूनच येते. तरी तिलाही शास्त्राची जोड आहे. कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेची स्थापना १९३६ ची. पुण्याजवळ मांजरी येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. ऊस उत्पादकांनी १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ती काढली आणि १९८९ साली तिला वसंतदादांचे नाव दिले. ही आपलीच संस्था आहे. बी. एस्सी. किंवा इंजिनिअरिंग झालेल्या मुलामुलींसाठी साखर तंत्रज्ञान, साखर अभियांत्रिकी, मद्यार्क तंत्रज्ञान असे अभ्यासक्रम तिथे चालतात. प्रयोगशाळेत मुलींनी हक्काने यावे. तपासनळीला मुलगा-मुलगी कळत नाही.

*आसवनी, वीजनिर्मिती, यंत्रनियंत्रण* : २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. आसवनी हंगामानंतरही साठवलेल्या मळीवर चालू राहते, म्हणून तिथले काम जास्त महिन्यांचे. वीजनिर्मितीच्या बॉयलरचा दाब मोठा, आणि सारा कारभार काचेच्या खोलीतल्या पडद्यावर चालतो. तिथे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक लागतो. ज्या पोराला मोबाइल खोलून बघायची खोड आहे, त्याला या धंद्याला घाला.

३. अनुभवाचा दाखला कसा असावा

"सदर इसमाने आमचेकडे काम केले असून त्याची वर्तणूक चांगली आहे" एवढ्या दाखल्याचा परीक्षेला उपयोग नाही. दाखल्यात पुढील गोष्टी हव्यात :

(१) आधारकार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्याशी तंतोतंत जुळणारे पूर्ण नाव. एका कागदावर 'बाळू' आणि दुसऱ्यावर 'बाळासाहेब' असे असेल तर आधी ते दुरुस्त करा.
(२) हुद्दा आणि खाते.
(३) कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हंगामवार.
(४) कोणत्या यंत्रावर. बॉयलर असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक, दाब आणि ताशी किती टन वाफ.
(५) खातेप्रमुखाची सही, तारीख, शिक्का आणि जावक क्रमांक.

हा दाखला पट्टा पडला की त्याच महिन्यात मागावा. इंजिनिअर साहेब बदलून गेले की जुन्या हंगामाची सही कोण करणार?

४. अर्ज आणि मुलाखत

अर्जात अडचण एका ओळीत सांगा आणि काम पाच ओळींत. उदाहरण बघा : "मी फिटर परीक्षा उत्तीर्ण असून तीन हंगाम मिल हाऊसवर मदतनीस होतो. बेअरिंग बदलणे, पंपाचे पॅकिंग भरणे, गिअरबॉक्सचे तेल बदलणे ही कामे स्वतः करतो. ड्रॉइंग वाचता येते." असा अर्ज वाचणाऱ्याला माणूस दिसतो, आणि कुठे घालावा तेही कळते.

मुलाखतीत मोठे प्रश्न विचारत नाहीत. रोजचेच विचारतात. तीन नमुने देतो.

फिटरला : व्हर्निअरचे लघुतम माप किती? पन्नास भागांच्या नेहमीच्या व्हर्निअरचे ०.०२ मिलिमीटर.

प्रयोगशाळेत : रसाचा ब्रिक्स १६ आणि पोल १३.६ असेल तर शुद्धता किती? पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर, म्हणजे ८५.

बॉयलरवर : पातळीच्या काचेत पाणी दिसेनासे झाले आणि तपासल्यावर पाणी खरेच खाली गेलेले आढळले, तर पहिल्याने काय कराल? "पंप चालू करून पाणी सोडीन" असे घाईने सांगणारा नापास. आधी भुसा आणि आग बंद करायची आणि वरिष्ठांना कळवायचे. लालबुंद नळ्यांवर गार पाणी पडले तर बॉयलर फुटून माणसे दगावतात. हे उत्तर पाठ करून भागत नाही. ते अंगात मुरलेले असावे लागते, आणि प्रमाणपत्राचा आग्रह आहे तो त्यासाठीच.

न येणाऱ्या प्रश्नाला "येत नाही साहेब, शिकून घेईन" म्हणावे. थापा मारू नयेत. समोर बसलेल्या माणसाचे आयुष्य मळीत गेलेले असते.

५. जे नोकरीत आहेत त्यांच्यासाठी

एक दोनशे पानी वही घाला. आज काय बिघडले, का बिघडले, कसे दुरुस्त केले, एवढे तीन ओळींत लिहा. दोन हंगामांत ती वही तुमचा ग्रंथ होईल. बढतीच्या वेळी कामाला येईल आणि नव्या पोराला शिकवायलाही.

पगारपत्रके जपा. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक एकच ठेवा. कारखाना बदलला तरी तोच द्या, म्हणजे सगळी नोकरी एका ठिकाणी जमा दिसते. हंगामी कामगारालाही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे. दर हंगामाला सात दिवसांच्या वेतनाप्रमाणे ती मोजतात, म्हणून हंगामवार हजेरीचा पुरावा हाताशी हवा.

दुसरीकडे जास्त पगार मिळतो म्हणून जायचे असेल तर अवश्य जा, त्यात गैर काही नाही. पण ऐन हंगामात पाळी सोडून निघून जाऊ नका. नोटीस द्या, ना-देय दाखला आणि कार्यमुक्तीचे पत्र घ्या. साखरधंदा मोठा दिसला तरी माणसे एकमेकांना ओळखतात, आणि इथली बातमी तिथे तुमच्या आधी पोचते.

६. एक इशारा

"अमुक लाख द्या, पोराला चिकटवतो" म्हणणारे गावोगाव फिरतात. गाय विकून, जमीन गहाण टाकून लोक पैसे देतात. पावती नसते, साक्षीदार नसतो. नोकरी मिळाली नाही तर पैसे बुडाले, आणि मिळाली तरी हंगामी पगारातून कर्ज फिटता फिटत नाही. त्या रकमेचा थोडासा भाग खर्चून आयटीआय होते, वसतिगृहाचा खर्च निघतो, परीक्षेची फी भरता येते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांना कमवून शिकायला लावले, ते याच मुलखात. आपल्या पोरांना काम करत शिकायचे वावडे नसावे.

गृहपाठ

दहावी झालेल्याने आयटीआयच्या प्रवेशाची माहिती निकालाच्या आधीच काढावी. आयटीआय झालेल्याने शिकाऊ उमेदवारीची नोंदणी करावी. हंगामी कामगाराने पट्टा पडताच अनुभवाचा दाखला घ्यावा आणि बिनहंगामाचे महिने एका परीक्षेला द्यावेत. पालकांनी एवढेच करावे : पुढच्या वेळी पोरासाठी शब्द टाकायला कचेरीत याल तेव्हा पोरालाही बरोबर आणा, त्याच्या हातात त्याचे कागद द्या, आणि बोलू त्यालाच द्या.

हे पान फाडून चुलीजवळ टाकू नये. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर त्याला मोठ्याने वाचायला सांगावे.