केतुबा : नक्षीच्या आतला करार

शास्त्रपाठ : निर्गम २१:१०, रूथ ४:११, १२, मलाखी २:१४

यहूदी लग्नात वर वधूला एक लेख देतो. त्यास ‘केतुबा’ म्हणतात, म्हणजे ‘लिहिलेले’. लेख अरामी भाषेत असून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. पत्नीच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पती त्यात पत्करतो. सूटपत्र दिल्यास किंवा पती वारल्यास तिला मिळावयाची रक्कमही त्यात असते. मिश्नाप्रमाणे ती कुमारीसाठी निदान २०० व विधवेसाठी १०० झूझ आहे. पत्नीला सहजासहजी टाकून देता येऊ नये, हा त्यामागील हेतू.

असा हा व्यवहाराचा कागद. पण लोकांनी तो प्रीतीने सजवला. ऑस्ट्रियातील क्रेम्स येथील १३९२ सालच्या केतुब्यावर वर वधूला अंगठी देत असल्याचे चित्र आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत इटलीतील व्हेनिस, रोम, अंकोना या शहरांत ही कला फार बहरली. चर्मपत्रावर कमानी, खांब व फुले रंगवीत. वधूवरांच्या नावांवरून पवित्र शास्त्रातील प्रसंग निवडीत. कडेने रूथच्या पुस्तकातील आशीर्वाद लिहीत. कित्येकांवर यरुशलेमही दिसते. १३७ व्या स्तोत्राप्रमाणे आनंदाच्या दिवशीही तिचे स्मरण राहावे म्हणून. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातही केतुब्याची परंपरा आहे.

पुढे सजावटीत चढाओढ लागली. तेव्हा इटलीतील काही यहूदी समाजांना या खर्चाला आळा घालणारे नियम करावे लागले.

येथे आपण थांबून विचार करू. नक्षी नसली तरी केतुबा पुरा असतो. परंतु सह्या नसतील तर सोन्याची वेलबुट्टीही व्यर्थ. आपण पत्रिका, मंडप व जेवणावळीसाठी महिनोन्‌महिने खपतो; वेदीपुढील वचनासाठी किती तयारी करतो? पती वारल्यावर घराच्या कागदावर नाव नाही म्हणून दिराच्या दारी उभी राहिलेली बहीण आपल्या मंडळ्यांतही आढळते. तिच्या लग्नात सजावटीची उणीव नव्हती.

देव स्वतः विवाहकराराचा साक्षी आहे, असे मलाखी सांगतो. शोभा असावी; ती देवाचीच देणगी आहे. पण ती कडेला असावी आणि मध्यभागी पाळलेले वचन असावे. ख्रिस्ताने मंडळीवर केलेल्या प्रीतीचा कित्ता तोच आहे.

वर्गासाठी प्रश्न :
१. केतुबा कोणाच्या रक्षणासाठी होता?
२. आपल्या घरातील कागदपत्रांत पत्नीची तरतूद आहे काय?
३. मंडळीतील विधवांसाठी आपण या महिन्यात काय करू शकतो?